दुधाच्या पिशव्यांचं तोरण

दुधाच्या पिशव्या धुऊन आणा, हे मुलांना सांगायला मी विसरलो. नुसतं ‘आणा’ म्हणालो. आलेल्या पिशव्या प्रयोगशाळेच्या कपाटात कोंबल्या, कुलूप लावलं आणि लागून आलेल्या सुट्ट्यांवर निघून गेलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो.

नाशिकरोडच्या आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाने एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकविरुद्ध मोहीम काढली होती. मोहीम त्यांची, मी नावाला मार्गदर्शक. त्यांचं पथक सकाळी आणि मधल्या सुट्टीत फाटकावर उभं असायचं. कुणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती काढून घ्यायची, कापडी द्यायची. एकदा मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची, द्राक्षांची पिशवीसुद्धा त्यांनी सोडली नाही. बाईंनी द्राक्षं निमूटपणे कापडी पिशवीत ओतली, पण चेहरा द्राक्षांहून आंबट होता.

पथकाची प्रमुख एक मुलगी होती. सातवीपर्यंत तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. या मोहिमेत तिला काय सापडलं कोण जाणे. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, ही कल्पना तिचीच. “पिशवी भंगारात तरी जाते सर. तो एवढुसा तुकडा कोण उचलणार? तो गटारातच जातो.” कोपरा लोंबता ठेवून पिशवी कशी कापायची, हे ती कात्री घेऊन वर्गावर्गात दाखवत फिरली. आता पालकसभेत तिला दहा मिनिटं मिळाली होती. असे कोपरे लोंबणाऱ्या पिशव्यांचं तोरण सभागृहात बांधायचं आणि त्याखाली उभं राहून तिने बोलायचं. तिची आई एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. लेकीला ऐकायला ती रजा टाकून येणार होती.

परवानगी देताना मोठ्या बाईंनी मलाच बजावलं होतं. “मागच्या प्रभातफेरीनंतर तुमच्या मुलांचे घोषणांचे कागद आम्ही आठवडाभर वेचत होतो. या वेळी काही गोंधळ झाला तर भाषणही नाही आणि मोहीमही नाही.”

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते कपाट उघडलं.

वास आला, असं म्हणणं कमी पडेल. वासाने मला दोन्ही हातांनी मागे ढकललं. बाहेर मार्चचं ऊन आणि आत लोखंडी कपाट. सुट्टीभर सगळं व्यवस्थित शिजलं होतं. मी दार लावून घेतलं. दार लावल्यावर वास थांबेल असं मला वाटलं, यावरून माझी अवस्था कळावी.

शिपाई मामांकडून उदबत्तीचा पुडा मागून आणला आणि एकदम मूठभर पेटवल्या. मामा दारात येऊन थांबले.

“सर, पूजा हाय का काय?”

“हवा शुद्ध करतोय.”

मामांनी नाक वर केलं. “उंदीर मेला आसंल. लय वास हाय.”

बुडणाऱ्याने फळकूट धरावं तसा मी तो उंदीर धरला. “हो, उंदीरच असणार.” मामा कामाला चोख. ते तडक ऑफिसात गेले आणि मोठ्या बाईंचा निरोप घेऊनच परतले: उद्या पालक येणार, मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेतली सगळी कपाटं उघडून तो उंदीर काढा.

त्यानंतरचे तास मी कसे घेतले ते नववीच्या मुलांना विचारा, मला आठवत नाही. फळ्यावर काहीतरी लिहीत होतो आणि दारावरून सावली सरकली की खडू मोडत होता. खरं सांगून टाकावं, तर त्या मुलीची दहा मिनिटं गेली. सांगू नये, तर मधल्या सुट्टीत कपाटच सांगणार. जिन्यात तीच समोर आली. हातात सुतळीचा गुंडा.

“सर, पिशव्या कधी देताय? ओवायला वेळ लागेल.”

“देतो ना.”

“आईची रजा मंजूर झाली,” ती म्हणाली आणि उड्या मारत खाली गेली.

मी ठरवलं, पिशव्या घरी न्यायच्या, न्हाणीघरात धुवायच्या, सकाळी आणून द्यायच्या. कुणाला पत्ता लागणार नाही. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत सगळ्या पिशव्या दोन मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरल्या, गाठी मारल्या आणि स्कूटरच्या दिशेने सुटलो. त्या काळ्या पिशव्याही प्लास्टिकच्याच आहेत, हे माझ्या डोक्यात फाटकाशी पोचल्यावर आलं. तोवर घंटा झाली होती आणि पथक माझ्यापेक्षा वक्तशीर निघालं.

“सर, पिशवी,” एक मुलगा म्हणाला.

“जरा कामाची आहे रे.”

“मोठ्या बाईंनाही सोडलं नव्हतं सर. नियम सगळ्यांना सारखा, तुम्हीच म्हणालात.”

तेवढ्यात एका पिशवीच्या बुडातून पांढरट पाण्याची धार लागली, थेट माझ्या चपलेवर. मुलं दोन पावलं मागे सरली. ती मुलगी मात्र पुढे आली, वाकून तिने गाठ सोडली आणि आतली एक पिशवी चिमटीत धरून वर काढली. कोपरा लोंबत होता.

“ह्या आपल्याच आहेत.”

“धुवायला नेतोय.”

“मग इतके दिवस न धुताच होत्या?”

“सांगायला विसरलो,” मी म्हणालो.

तिने पिशवी परत आत ठेवली. “म्हणजे उद्या नाही?” हे तिने इतकं हळू विचारलं, की तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर मागून मामा आणि त्यांच्या पुढे मोठ्या बाई येताना दिसल्या. वासाचा माग काढत आल्या होत्या.

“सर,” बाई म्हणाल्या, “उंदीर सापडला?”

माझ्याकडे थापा तयार होत्या, पण एकही धड नव्हती. मी त्यातली बरी कोणती ते ठरवेपर्यंत मुलगी बोलून मोकळी झाली. “उंदीर नाही बाई. आमच्या पिशव्या आहेत, धुवायच्या राहिल्या. आज धुऊन वाळत घालतो. वास राहिला तर तोरण नको, पण मला बोलू द्या.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. “मैदानावरच्या नळाला धुवा. उद्या मी स्वतः वास घेणार. आला, तर दोन्ही नाही.”

दुपारभर आठवीचा वर्ग नळावर होता. पिशव्या उलट्या करायचं काम मला मिळालं, कारण सगळ्यात घाण तेच होतं. कुंपणाच्या तारेला चिमट्यांनी पिशव्या टांगल्या आणि मी एकेक हुंगत फिरलो. थोड्या वेळाने नाकावरचा विश्वास उडाला. प्रत्येक पिशवीला वास यायचा आणि एकीलाही यायचा नाही. मामांना विचारलं, तर म्हणाले, “सर, वास पिशवीला नाय, तुमाला येतोय.”

सकाळी सभागृहात तोरण लागलं. मोठ्या बाई त्याखाली थांबल्या, हात वर करून एक पिशवी ओढली आणि नाकाशी धरली. मी दाराआड उभा. ती मुलगी कात्री घेऊन कडेला उभी होती, ओठ हलत होते. मागच्या रांगेत तिची आई, रजा असूनही गळ्यात सवयीने कामावरचं ओळखपत्र. बाईंनी दुसरी पिशवी हुंगली. मग जाऊन खुर्चीत बसल्या.

मुलीचा आवाज पहिली दोन वाक्यं थरथरला, मग सरळ झाला. एका पालकांनी विचारलं, पिशवी धुवायची कशाला, नाहीतरी भंगारातच द्यायची. ती म्हणाली, “न धुता ठेवली तर काय होतं, ते आमच्या सरांनी करून बघितलंय.” सभागृह हसलं. तिची आईही हसली. मी दाराआडून आणखी मागे सरकलो.

सभा संपल्यावर ती मुलगी तोरण उतरवत होती, तिथे मी गेलो. छान बोललीस म्हणालो. म्हटलं, पुढच्या महिन्यात काय करू या?

तिने सुतळी गुंडाळायची थांबवली नाही. “सर, तुम्ही परवानगी तेवढी काढून द्या. बाकी कशाला हात लावू नका.”