शाईनं लिहिलेलं कार्ड

विद्यापीठाच्या ग्रंथालयात कार्डवाले काका कुठे बसतात असं विचारलं, की कुणीही तळमजल्याकडे बोट दाखवायचं. पस्तीस वर्षं या माणसानं एकच काम केलं, आलेल्या पुस्तकाचं कार्ड लिहायचं. पुढे कार्डांची जागा संगणकानं घेतली, पण नाव काही सुटलं नाही. काका तिरसट खरे, पण कामात केसाएवढी चूक नाही, असं लोक म्हणत. ते ऐकलं की काका विषय बदलायचे.

दर वर्षी तिथे प्राध्यापकांच्या नव्या पुस्तकांचं प्रदर्शन भरे. लांबलचक टेबलावर दातांच्या रोगांशेजारी करारांचा कायदा, त्याला टेकून मुंग्यांच्या वसाहती, पलीकडे बिचारा एक कवितासंग्रह. लेखकमंडळी आपापल्या पुस्तकामागे पहिला नंबर आलेल्या पोरांसारखी उभी. भूगोलाचे नकाशेसर मात्र कायम टेबलाच्या अलीकडे, चहाचा कप धरून. नद्या पात्र का बदलतात यावरचं त्यांचं पुस्तक बावीस वर्षं चाललं होतं. "काय सर, यंदा तरी?" असा चिमटा कुणीतरी काढायचंच. "यंदा नक्की," सर म्हणायचे.

खात्याचा एक नियम होता. येऊ घातलेल्या पुस्तकांची कार्डं आधी पेन्सिलीनं करून ठेवायची. पुस्तक हातात पडलं, की मगच शाईनं गिरवायची. एका वर्षी प्रदर्शन आटोपल्यावर सर काकांच्या टेबलाशी येऊन नुसते बसून राहिले. त्या दिवशी त्यांच्याच एका विद्यार्थ्याचं चौथं पुस्तक मांडलं होतं. काकांना राहवलं नाही. त्यांनी कोरं कार्ड ओढलं, पुस्तकाचं नाव विचारलं, पानं विचारली. "तीनशे बारा," सर लगेच म्हणाले. काकांनी सगळं शाईनं लिहिलं, क्रमांक घातला आणि कार्ड पुढे केलं. सरांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि कितीतरी वेळ वाचत राहिले.

"आता लिहून टाका सर, नाहीतर माझी नोकरी जाईल," काका हसत म्हणाले आणि कार्ड घेऊन त्यांनी ते खणात बाकीच्या कार्डांत लावून टाकलं.

पुस्तक आलं नाही. तीन वर्षांनी सर गेले. मधल्या काळात कार्डं संगणकावर चढली. पेन्सिलीची वगळली, शाईची सगळी घेतली. काकांनी ती नोंद तेव्हाच खोडायला हवी होती, पण गेलेल्या माणसाचं नाव खोडायला हात धजेना.

मग ते पुस्तक हिंडायला लागलं. पुढच्या प्रदर्शनात पुलांच्या बांधकामावर एक पुस्तक आलं. काकांनी सवयीनं शेवटची संदर्भसूची चाळली, तर नकाशेसर, तीनशे बारा पानं! नंतर जुन्या वस्त्यांवरच्या पुस्तकात, मग तापाच्या साथींवरच्या. एकानं ग्रंथालयाच्या यादीतून उचललं, दुसऱ्यानं पहिल्यावरून. एवढी विद्वान माणसं, पण पुस्तक उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही! यंदा तर जमिनीच्या वादांवरच्या जाडजूड ग्रंथात सरांच्या पुस्तकातलं म्हणून चक्क एक वाक्य छापलं होतं, पान एकशे त्रेचाळीस: 'नदी आपली जुनी वाट विसरत नाही.' काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाक्य थेट सरांच्या तोंडचं वाटत होतं. तेव्हापासून कपाटांच्या त्या रांगेत ते एकटे जाईनात. समजा गेलो आणि त्या क्रमांकावर खरंच तीनशे बारा पानं उभी असली, तर?

महिनाअखेरीला निवृत्ती होती. त्याआधी नोंद खोडायची आणि सरांच्या घरी जाऊन कबूल करायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पण सरांची बायकोच प्रदर्शनाला आली.

"भाऊ, ह्यांचं पुस्तक एकदा बघायचं होतं. सुनेनं यादीत दाखवलं मला."

काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे 'लागलं एकदाचं ग्रंथालयात' असं म्हणत घरी आले, ते हे होय?" त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून लिहिणं बंद. शांत झोपायला लागले. मला वाटलं, सुटले बाई एकदाचे."

"वहिनी, लिहिलेले कागद तरी असतील ना? किती राहिलं होतं?"

"शेवटचं एक प्रकरण. मोठं गाठोडं होतं हो. गेल्या वर्षी घर बदललं, तेव्हा रद्दीत दिलं मी. म्हटलं, पुस्तक ग्रंथालयात आहे, आता कागद कशाला सांभाळायचे?"

 

"ती नोंद खोडतो मी," काका कसेबसे म्हणाले. "आजच."

"नको," त्या उठत म्हणाल्या. "आता त्यांचं तेवढंच उरलंय."

काकांनी होकारार्थी मान हलवली. ती नोंद तशीच राहिली.