आप्पांचं आतडं

आमच्या सुरतच्या लॅबमध्ये पेशींपेक्षा किस्से लवकर वाढतात. पेशींना वाढायला जेल लागतं, किश्श्यांना दुपारचा चहा पुरतो!

आम्ही माणसाचं आतडं काचेच्या बशीत वाढवतो. त्यात जंतू सोडायचे आणि शरीराचे शिपाई त्यांच्याशी कसे लढतात ते बघायचं. सध्याचं आतडं भिकाआप्पांचं. आप्पा मूळचे खानदेशातले, इथे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला, पोटाच्या जुन्या दुखण्याने पिचलेले. नळी घालून त्यांच्या आतड्याचा कण काढला, तेव्हा आमचे सर म्हणाले, "औषध आधी बशीतल्या आतड्याला देऊन बघू. मानवलं तर तुम्हाला."

झालं! आप्पा दर सुट्टीला बमरोलीच्या घरून हजर. "मनं आतडं कसं शे?"

गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'कोणाला भेटायचं' असा रकाना आहे. वॉचमनने तिथे लिहिलं, 'स्वतःला'.

*

एकदा त्यांना मायक्रोस्कोपमधून दाखवलं. साबणाच्या फुग्यांसारखे चार गोळे.

आप्पांनी एक डोळा मिटून पाहिलं. मग म्हणाले, "इतलंसं? आनि तरास कितला देस!"

*

आप्पांकडून जंतूंसाठी शौचाचा नमुना यायचा होता. त्याच दिवशी त्यांच्या बायकोने, सखूवहिनींनी, आमच्यासाठी वांग्याचं भरीत पाठवलं. स्टीलच्या डब्यात.

सरांनी ग्लोव्ह्ज चढवले, डब्यावर नंबर टाकला आणि तो उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवला. वहिनींनी फोनवर विचारलं, "चव कशी लागली?" सर दिवसभर जेवले नाहीत.

*

औषध द्यायला दोन दिवस उरले आणि बशीत बुरशी शिरली. सगळं गेलं. जपून ठेवलेल्या पेशीही जगल्या नाहीत. पुन्हा नळी घालायची, म्हणजे त्या माणसाचे पुन्हा हाल. मला रडूच आलं. आप्पांना सांगायची कोणाची छाती होईना. शेवटी सरांनी सांगितलं.

आप्पा खाली मान घालून बसले. मग हळूच म्हणाले, "साहेब, आठ दिवसवर पोरनं लगीन शे. माले सुतक लागी का?"

सर गुजराती, पण सुतक त्यांनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. मग सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "नाही लागत. तुम्ही स्वतः हयात आहात ना."

आप्पांना ते पटलं. चपला घालून दारापर्यंत गेले आणि थांबले.

"मंग लगीन आटपीसन नळी घालाले इसू. ह्या खेपले दोन तुकडा ल्या, साहेब. एकटं पडनं म्हनीसन गयं ते."