शेवटच्या रांगेतून आलेला 'वा'

टेप चालू असताना तोंड बंद ठेवायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. गाणाऱ्याने सांगितलं होतं, बायकोने तर दोनदा सांगितलं होतं, आणि मी स्वतः घरातल्या सगळ्यांना त्यावरून दम भरला होता. तरीही ऐन गाण्यात, तो जरासा थांबला तेव्हा, चिडीचूप खोलीत एक खणखणीत 'वा' उमटला. तो माझा होता. आजही ती कॅसेट लावली की उमटतो. माझ्या आवाजाचं या जगातलं तेवढंच काय ते रेकॉर्डिंग.

पण त्या 'वा'कडे जाण्याआधी तो माणूस तुम्हाला भेटायला हवा.

गाणं सुरू करण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढायचा, शेजारी बसलेल्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आधी ऐका, मग हसा." लोक बहुधा क्रम बदलायचे.

तो आणि मी सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. मी स्टोअरमध्ये, म्हणजे मागेल त्याला नट आणि न मागेल त्याला उपदेश देणारा. तो लेथवर. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. खांद्यापर्यंत केस, त्यावर बहिणीची लाल रिबीन. रिबीन हौसेने नव्हती. सुपरवायझरने सांगितलं होतं, केस तू बांध, नाहीतर मशीन बांधेल. त्या रिबिनीवरून त्याला अख्ख्या मशीन शॉपने छळलं आणि त्याने अख्ख्या शॉपला गाऊन छळलं. हिशेब बरोबरीत सुटला.

तो गायचा ते रॉक. हा शब्द मी त्याच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. माझं कान-शिक्षण आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात झालेलं, त्यामुळे गाण्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. तो समज इतर कोणाचाही नाही. देवळाली कॅम्पात नाताळात नाचाचे कार्यक्रम व्हायचे. हा बाहेरच्या भिंतीवर बसून ते ऐकत मोठा झाला. इंग्रजी शब्द कळायचे का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, ते गाणाऱ्यांनाही कळत नसतील. ओरडण्याचा अर्थ कळला की पुरे."

ओरडणं मात्र घरचं होतं. त्याचे वडील चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत गायचे. तेव्हा माइक नसायचा, असला तर वीज नसायची. वडील गाण्याआधी उभे राहून हाळी द्यायचे, "शेवटच्या रांगेतल्या भावा, ऐकू येतंय का?" मागून कोणीतरी 'हो' म्हणेपर्यंत ढोलकीवर थाप पडत नसे. लेकाने वडिलांचा गळा घेतला आणि गिटार उसनी आणली. सातपूर गावातल्या एका गोठेवाल्याने माझ्याकडे तक्रारही केली होती, "लय वरडतं राव तुमचं ते पोरगं, म्हैस पान्हा सोडत नाय." मी ती तक्रार पोहोचवली. तो खूश झाला. म्हणाला, निदान कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं.

नाशिकरोडच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांबरोबर त्याचा एक बॅंड होता. नाव 'थंडर फोर', माणसं पाच. पाचवा ड्रमवाल्याचा मेहुणा होता आणि मेटॅडोर त्याची होती, म्हणून त्याला खुळखुळा दिलेला. हे लोक गॅदरिंगला, गणपतीत, कधी लग्नात वाजवायचे. इतर चौघांना सिनेमातली गाणी वाजवायची असत. याला स्वतःची गायची असत, तीही मराठीत. विषय म्हणजे पहिल्या पाळीची बस, कांद्याचा ट्रक, कारखान्याचा भोंगा. गिटारवाला म्हणायचा, मराठीत रॉक म्हणजे मिसळीत केक. हा म्हणायचा, खाऊन तर बघ.

बॅंड फुटला तो येवल्यात. तिथल्या एका पैठणीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकांच्या ऐन वेळी गुरुजींचा घसा बसला. वधूपित्याने पाहिलं, मांडवात माइक आहे, गायक आहे, मग अडचण काय. त्याने मंगलाष्टकांचा छापील कागद याच्या हातात दिला. आमच्या लग्नांत बुद्धवंदना असते, मंगलाष्टकं नसतात, मला चाल माहीत नाही, असं याने खरं तेच सांगितलं. वधूपिता म्हणाला, चालीचं तुम्ही बघा. यापेक्षा धोक्याचं वाक्य त्या माणसाला कोणी कधी ऐकवलं नसेल.

त्याने घड्याळ काढलं, नवरदेवाच्या मामाच्या हातात दिलं, आणि लावली चाल. चाल लागली आणि ड्रमवाल्याला राहवेना. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याने झांजेवर दणका हाणला. आता मला सांगा, हातात अक्षता घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दणका ऐकू आला तर तो काय करेल? प्रत्येक ओळीला अक्षता पडू लागल्या. दुसरं कडवं संपेपर्यंत मांडवातल्या अक्षता संपल्या. मुहूर्त अजून दूर होता. शेवटी आचाऱ्याकडून मसालेभाताचा तांदूळ आणला, धुतलेला होता, तोच ओला ओला लोकांनी नवरानवरीवर टाकला. खरं 'सावधान' झालं तेव्हा लोक इतके थकले होते की काही जण नुसते हात हलवत होते.

परतताना मेटॅडोरमध्ये ठराव झाला. यापुढे फक्त सिनेमातली गाणी, चकचकीत कपडे, आणि गायकाने सांगितलं तेवढंच गायचं. याने विचारलं, माझी गाणी? गिटारवाला तारा सैल करत बसला. खुळखुळेवाला म्हणाला, "घरी गा ना भो." हा विंचूरला उतरला. गिटार घेऊन एसटीत उभा राहून नाशिकला आला आणि दुसऱ्या दिवशी लेथवर हजर. मला एवढंच म्हणाला, "भाऊ, बॅंड सुटला. आता एकट्याची कॅसेट काढायची."

काढायची, काढायची म्हणता वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, रिबीन गेली, पुढचे केसही गेले. मी इंदिरानगरात घर बांधलं. आणि मग चौऱ्याऐंशीच्या सुमारास त्याचा आवाज घोगरा होऊ लागला. आम्ही म्हटलं, ओरडून ओरडून दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, काढावी लागेल, आवाज किती राहील ते सांगता येत नाही. ज्याला अख्खं सातपूर 'हळू' म्हणून थकलं होतं, त्याला डॉक्टरांनी एका वाक्यात गप्प केलं.

ऑपरेशनच्या महिनाभर आधी तो घरी आला. माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "वहिनी, एक दिवस तुमचा टेप पाहिजे. आणि टेपच्या भोवतीचं घरसुद्धा."

तो टेप म्हणजे बायकोच्या भावाने मस्कतहून आणलेला टू-इन-वन. त्यावर तिने स्वतः भरलेलं मोराचं झाकण होतं आणि ते उचलायची परवानगी मलाही नव्हती. या माणसाला ती 'तुमचे ते बोंबलणारे' म्हणायची. त्यामुळे मी आपला पायरीवरच्या कुंडीकडे बघत बसलो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "रविवारी या. सकाळचंच या, दुपारी समोरच्या बांधकामावर गडी असतात."

इंदिरानगर तेव्हा निम्मं शेतच होतं, आवाज असा नव्हताच. तरी तिने खिडक्यांना गोधड्या लावल्या, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, पंखा बंद केला. कुकर लावायचा नाही म्हणून त्या दिवशी आमच्याकडे दोन्ही वेळा पोहे झाले. त्याच्यासमोर ज्येष्ठमधाचा कप ठेवला. पायाने ताल धरायला गव्हाचा डबा रिकामा करून दिला. गहू माझ्या अंथरुणावर ओतले होते हे मला रात्री कळलं.

तो बसला. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "आधी ऐका..." एवढंच म्हणाला. पुढचं म्हणाला नाही.

तो गायला, आणि गोधड्यांच्या आत कोंडलेला तो आवाज अंगावर आला. घोगरा झाला होता, काठाला चिरला होता, पण होता. पहिली दोन गाणी मी व्यवस्थित गप्प होतो. तिसरं वडिलांवरचं होतं. त्यात चढत चढत तो अशा जागी गेला की मला वाटलं आता तुटतो, आणि तिथून त्याने हाक मारली, "शेवटच्या रांगेतल्या भावा, ऐकू येतंय का?" आणि थांबला. गिटार थांबली, डबा थांबला.

भजनी मंडळात वाढलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? माझ्या तोंडून 'वा' निघून गेला.

त्याने गाणं पुरं केलं. बायकोने बटण दाबलं आणि माझ्याकडे जे बघितलं ते सांगण्याची सोय नाही. मी म्हटलं, चुकलं, पुन्हा घे, मी बाहेर जाऊन उभा राहतो. म्हशींच्या गोठ्यापर्यंत जातो हवं तर.

तो डोळे मिटून बसला होता. म्हणाला, "नको भाऊ. वडील हाक मारायचे तेव्हा मागून उत्तर यायचं. मला कधी आलं नव्हतं. आज आलं. राहू द्या."

मग त्याने उरलेला गळा उरलेल्या गाण्यांना वापरला. शेवटचं गाणं निम्मं गाणं आणि निम्मी कुजबुज आहे.

मेनरोडवरच्या एका दुकानात त्याने कॅसेटच्या प्रती काढून घेतल्या आणि काही तिथेच विकायला ठेवल्या. वेष्टनावर जुना फोटो, लांब केस, दाढी, मिटलेले डोळे. खाली छापलं होतं, 'शब्द, चाल, गिटार, गळा: स्वतः. टेप, ज्येष्ठमध, डबा: वहिनी. वा: भाऊ.' नाशिकात असा फोटो दिसला की दुकानदार तो एकाच रांगेत ठेवतो. ती कॅसेट भक्तिसंगीतात लागली. पंचवटीतल्या एका आजीबाईंनी ती नेली आणि परत आणली नाही. उलट दुकानदाराला सांगून गेल्या, या महाराजांची आणखी असली तर ठेवा, फार तळमळीने गातात. हे ऐकून तो इतका हसला की डॉक्टरांनी हसायलाही बंदी घातली.

ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. नुसती हवा यायची. तो रविवारी आमच्याकडे यायचा, बायको न सांगता मोराचं झाकण उचलायची. तिसरं गाणं लागलं की तो पुढे सरकून बसायचा. हाक यायची, थांबायची, आणि माझ्या 'वा'च्या नेमक्या जागी त्याचे ओठ हलायचे. टेपमधून आवाज माझा, समोर तोंड त्याचं. एकदा मी गमतीने म्हटलं, अरे, माझी ओळ तरी मला ठेव. त्याने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

दोन वर्षांनी तो गेला. सातपूरला त्याच्या घरी पुण्यानुमोदनाला आम्ही दोघं जाऊन आलो. 'थंडर फोर'मधले तिघं आले होते, टक्कल पडलेले. गिटारवाला मागे उभा होता. त्याने मला विचारलं, ती कॅसेट कुठे मिळेल. मी सांगितलं, भक्तिसंगीतात बघा.

घरी आल्यावर बायकोने पाय धुतले, मोराचं झाकण काढलं आणि कॅसेट लावली. मी दारातच उभा राहिलो. तिसरं गाणं आलं, हाक आली, गिटार थांबली, आणि शांत खोलीत माझा तो 'वा' उमटला. गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी होती, टेपवर हात ठेवून. मग तिने कॅसेट मागे घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुन्हा लावते. आणि या वेळी तरी मध्ये बोलू नका."