सूपखोलीतला पलंग

आधीच सांगते — भूतबाधा, करणी, वास्तुदोष... यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरी लिंबू सरबतासाठीच येतं. तरी हे लिहितेय, कारण माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

आम्ही केशोरीचे, तालुका अर्जुनी मोरगाव. घरची धानाची शेती. घर बांधताना मागची भिंत बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीला लागून तिरपी घ्यावी लागली, पाण्याला तर सरकवता येत नव्हतं. त्यामुळे शेवटची खोली सुपासारखी झाली — दाराशी रुंद, आत निमुळती. पलंग सरळ लावला की कपाट उघडेना, कपाट हलवलं की खिडकी झाकली जायची.

पाहुण्यांसाठी हीच एक खोली. आणि माझी नणंद, तिरोड्याची सुमनताई, तिथे झोपायला तयार नाही. दिवाळीनंतर गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटक असतं. ताई यायची, जेवायची आणि नाटक न बघताच संध्याकाळच्या बसनं परत जायची.

"त्या सुपात मी काई झोपत नाई वो," ती म्हणायची. "कोनी पाखडून राहिलं असं वाटते."

आम्ही हसायचो. पण बस दिसेनाशी होईपर्यंत आमचे हे स्टँडवरच उभे राहायचे. लहानपणी दोघं भावंडं एकाच पोत्यावर बसून नाटक बघायची. मला फार वाईट वाटायचं. मागच्या वर्षी ठरवलं, या वेळी ताईला थांबवायचंच.

मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून फिका पिवळा रंग दिला, नवे पडदे शिवले, पलंग सरळ भिंतीला लावला. खोलीला कुलूप घालून शेतावर डबा घेऊन गेले. दुपारी येऊन बघते तर... पलंग तिरप्या भिंतीला! उशी निमुळत्या कोपऱ्याकडे. किल्ली माझ्याच कमरेला.

"तुमी सरकवला का?" मी ह्यांना विचारलं.

"मी कायले सरकवू? सागवानी पलंग आहे, हलवाले चार माणसं लागतेत."

माणसं बोलावून सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरपा. भीती नाही, मला चक्क राग आला — एवढे व्हिडिओ बघितले ते काय उगाच? मग नीट पाहिलं. कपाट पूर्ण उघडत होतं, खिडकी मोकळी होती, वर आणखी एक खुर्चीही मावत होती. मी मुकाट्यानं हार मानली.

मंडईच्या दिवशी ताई दारात थबकली. "कोनी लावली वो खोली?"

"आमीच," मी ठोकून दिलं.

जरा टेकते म्हणून ती आडवी झाली. बोडीवरून वारा येत होता. उठली तेव्हा बस कधीच गेली होती. रात्री दोघं भावंडं एका पोत्यावर बसून नाटक बघत होती, आणि ह्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ताई चांगली चार दिवस राहिली.

ती गेल्यावर फरशी पुसायला पलंग सरळ करून घेतला. मग महिनोन् महिने तो तसाच सरळ. मला वाटलं, आपलाच काहीतरी घोळ झाला असेल.

काल दुपारी कुलूप उघडलं, तर पलंग तिरपा. ना मंडई, ना सण. काय वाटलं कोण जाणे, ताईला फोन लावला, इकडे निघाली का म्हणून विचारलं. मागे बसचा आवाज येत होता.

"तुले कसं मालूम पडलं?" ती म्हणाली. "मी तं कोनाले न सांगता येऊन राहिली होती."

फोन ठेवला आणि चादर बदलायला गेले.