तुलनेची गाडी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नॉर्मल एका काचवाल्याच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला होता. एक तळवा सीटवर टेकवलेला, नजर समोर, चेहरा नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखा. वर्कशॉपमागच्या चढावर काचवाल्याने गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी उचलली तशी खालून थरथर आली. आधी सीटखाली, मग पाठीत, मग दातांत. मागे हौद्यात बांधलेली तावदानं एकमेकांवर टकटकली.

"हे बघा!" काचवाला ओरडला. "आलं ना?"

"काय आलं?"

"साहेब, तुम्हाला कवळी असती तर आत्ता हातात आली असती."

"अच्छा, ते होय," नॉर्मल म्हणाला. "ते नॉर्मल आहे."

हेच वाक्य रोज इतक्यांदा म्हटल्यामुळे वर्कशॉपच्या पोरांनी त्याचं नाव नॉर्मल पाडलं होतं. हुद्द्याने तो सर्व्हिस सल्लागार. गळ्यात टाय, खिशात दोन पेनं, आणि बोलण्यात असा गारवा की तक्रार घेऊन आलेला माणूस परत जाताना आपलंच काहीतरी चुकलं असं समजून जाई.

त्याला काही कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. पुढे मोकळ्या रस्त्यावर त्याने काचवाल्याला वेग वाढवायला लावला आणि धावत्या गाडीतच न्यूट्रल करायला सांगितलं. इंजिनाचा आवाज बसला, कंप तसाच राहिला; म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. स्टेअरिंग गप्प होतं आणि सीट बोलत होती. म्हणजे पुढची चाकंही सुटली. राहिला तो इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा, गाडीच्या पोटाखालचा लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट. त्या दांड्याला मधोमध धरून ठेवणारं बेअरिंग रबरात बसवलेलं असतं. रबर फाटलं की दांडा लोंबतो आणि ओझं घेऊन निघताना थडथडतो. हे निदान नॉर्मलचं चढावरच झालं होतं. उरलेली फेरी त्याने ते निदान चेहऱ्यावर येऊ नये म्हणून खर्च केली.

"काचा कशा बांधता तुम्ही?" त्याने विचारलं.

"वीस वर्षं जशा बांधतो तशा."

"तिथंच बघा जरा."

काचवाला इरेला पेटला. "मला ती दुसरी गाडी दाखवा. तुमच्याकडे म्हणे एक असते, तुलनेला. तिच्यातही असंच होत असेल तर मी तोंड शिवून घेतो."

"साहेब दहाला येतात. चावी त्यांच्याकडे आहे. बसा आत, चहा घ्या."

तुलनेची गाडी ही नॉर्मलच्या आयुष्यातली एकमेव स्वतंत्र कल्पना. पूर्वी तो साधा मेकॅनिक होता, आणि हात चांगला होता. सल्लागार झाल्याच्या पहिल्याच महिन्यात त्याने एका गिऱ्हाइकाला सरळ सांगून टाकलं, की तुमचं बेअरिंग गेलंय, फुकट बदलून मिळेल. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "मेकॅनिक होतास तेव्हा दोष शोधायचा पगार होता. आता दोष नाही हे शोधायचा आहे. जमेल?" त्याला जमलं. नुसतं जमलंच नाही, तर त्यात त्याने प्रावीण्य मिळवलं.

कंपनीचा नियम असा, की तक्रार खरी की खोटी ते ठरवायला त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून बघावी. दुसरी गाडी धडधाकट असावी, असं नियमात कुठेही म्हटलेलं नव्हतं. वर्कशॉपची दाखवायची पिकअप होती, तिचंही रबर नेमकं तिथंच फाटलं. मेकॅनिक ते बदलायला निघाले, तेव्हा नॉर्मलने त्यांना थांबवलं. "राहू द्या. कामाला येईल." तेव्हापासून ती गाडी अंगणाच्या कोपऱ्यात, हौद्यात वाळूच्या गोण्या भरून उभी असे, कारण रिकामी असली की ती पुरेशी थरथरत नसे. गिऱ्हाईक थरथर घेऊन आलं की नॉर्मल त्याला हिच्यात बसवी, चढावर नेई, आणि दोघांचे दात वाजले की म्हणे, "जाणवलं? हिलाही आहे. म्हणजे नॉर्मल."

बायको म्हणायची, हा रोग घरातही आला. छतावरचा पंखा डुगडुगत होता. "पंखा हलतोय," ती म्हणाली. "शेजारच्यांचा बघ, तोही हलतो," हा म्हणाला. तिने शेजारच्यांचा नाही बघितला. तिने वायरमन बोलावला आणि नवऱ्याला त्या दिवशी जेवायला वाढताना विचारलं, "पोळी कच्ची आहे. शेजाऱ्यांची बघून येता का?"

दहाला पाच कमी असताना ताई आली.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. अंड्यांचा धंदा, शहराबाहेरच्या पोल्ट्रीतून माल उचलायचा आणि दुकानांना, खानावळींना पोहोचवायचा. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इस्पितळाचं कँटीन. हीच पिकअप तिने घेतली होती ती भावाच्या शब्दावर. थरथर सुरू झाल्यावर तिने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा भावाने फोनवरच गाडी नॉर्मल ठरवली. आता तिने अंड्यांचा ट्रे आणून काउंटरवर, त्याच्या कीबोर्डवरच ठेवला. खालच्या दोन ओळी फुटून गळत होत्या.

"बाळ्या, हे नॉर्मल आहे का?"

"ताई, हळू. गिऱ्हाइकं आहेत."

"मी कोण आहे? मी काय तुझ्या मुंजीला आलेय? कँटीनवाल्याने काल सांगितलं, पुन्हा फुटकी आली तर दुसरा अंडेवाला बघतो. ते गेलं तर मी गाडीचे हप्ते काय पिसं विकून भरू?"

वेटिंगमधल्या बाकावरून काचवाल्याने मान वर केली.

नॉर्मलने ट्रे बाजूला सरकवला आणि सवयीने रुमाल काढून कीबोर्ड पुसला. "ट्रे कसे रचतेस तू?"

ताईने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने पुढचं वाक्य गिळलं. लहानपणी हिने त्याला याच नजरेवर खांबाला बांधलं होतं.

एवढ्यात मॅनेजर आला आणि केबिनकडे जाता जाता त्याने चावी काउंटरवर टाकली. नॉर्मलला हायसं वाटलं. बहीण असली म्हणून काय, पद्धत ती पद्धत. "चल, तुला दुसरी गाडी दाखवतो. मग तूच सांग." काचवाला उठायला लागला, तसा त्याने हात दाखवला. "तुमचा नंबर नंतर. या आधीपासून थांबल्यात."

"मी नऊपासून बसलोय!"

"त्या वर्षभरापासून थांबल्यात," नॉर्मल म्हणाला. त्या पहिल्या महिन्यानंतर त्याच्या नोकरीतलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

तुलनेची गाडी ताईनेच चालवायला घेतली. चढावर थांबली. पहिला गिअर, क्लच. नॉर्मलने दात आवळून घेतले आणि "जाणवलं?" म्हणायला तोंड उघडलं.

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

"काय जाणवलं?" ताई म्हणाली.

"परत घे. थांबव आणि परत उचल."

तिने परत थांबवली, परत उचलली. गाडीने हूं की चूं केलं नाही. नॉर्मलने मागे वळून बघितलं आणि त्याला कारण सापडलं. हौदा रिकामा होता.

"गोण्याच नाहीत! रिकाम्या गाडीत नाही जाणवत. ओझं पाहिजे."

"मग घाल ओझं."

गोण्या कंपाउंडच्या भिंतीशी रचून ठेवलेल्या होत्या. पोरं तमाशा बघायला आल्यासारखी दारात गोळा झाली, पण पुढे कुणी आलं नाही. नॉर्मलने टाय खांद्यावरून मागे टाकला आणि एकेक गोणी चढवली. ताई स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसली. सदरा पाठीला चिकटला, वाळू बुटात गेली. पुन्हा चढ, पुन्हा पहिला गिअर. गोण्यांसकट गाडी पहिल्यापेक्षाही मऊ निघाली. नॉर्मलच्या कपाळावर घाम होता, आणि तो गोण्यांचा नव्हता.

"बाळ्या, ही का थरथरत नाही?"

उत्तर त्याच्या तोंडातून आपसूक आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीने ते तिथं तयारच ठेवलेलं होतं.

"हिच्यात काहीतरी दोष आहे."

ताईने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि त्याच्याकडे वळली. ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"मग तोच दोष माझ्या गाडीत घालून दे," ती म्हणाली.

तो केबिनमध्ये गेला तेव्हा मॅनेजर फोनवर होता. नॉर्मल बसला नाही. बुटातली वाळू गालिच्यावर सांडत उभा राहिला.

"साहेब, तुलनेची गाडी कुणी दुरुस्त केली?"

"मी सांगितलं. का?"

"का म्हणजे? आपलं माप गेलं की हो!"

मॅनेजरने फोन ठेवला. "शनिवारी घर बदललं. सामान न्यायला तीच गाडी घेतली. चढावर असं काही थडाथडा हललं, की बायकोच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा उभा तडकला. रविवारभर माझं काय झालं ते तुला नाही सांगत. काल पहिलं काम तेच करायला लावलं. गोदामात एकच बेअरिंग होतं, ते बसवलं."

"आरसा नीट बांधला नसेल, साहेब," नॉर्मल म्हणून गेला.

मग नॉर्मलने जिभेवरून शब्द परत घेता येत नाहीत म्हणून विषय बदलला. बहिणीची गाडी सांगितली, कँटीन सांगितलं. जॉबकार्डवर दोष लिहू का, असं विचारलं. हे विचारताना त्याचा आवाज बारीक झाला, कारण 'दोष' हा शब्द त्याने तोंडातून काढून कागदावर बऱ्याच वर्षांत घातला नव्हता.

"लिही की," मॅनेजर शांतपणे म्हणाला. "लिहिलास की कंपनी विचारणार, याच तक्रारीच्या बाकी गाड्या नॉर्मल कुणी ठरवल्या. खाली सही कुणाची आहे? माझी?"

नॉर्मलने खिशातलं एक पेन काढलं आणि परत ठेवलं.

"आणि लिहिलास तरी बेअरिंग कंपनीकडून यायला दोन आठवडे. तुझ्या ताईची अंडी दोन आठवडे कुठं उबवत बसायची?" त्याने खुर्ची मागे टेकवली. "बेअरिंग एकच आहे, आणि ते कुठं बसवलंय तुला माहीत आहे. काढ, तिच्या गाडीला बसव. तिचं फाटकं या गाडीला लाव. कार्डवर लिही, ग्राहकाच्या समाधानासाठी तपासणी. तुझं माप तुला परत, बहिणीची गाडी नीट. माझं घर बदलून झालंय."

नॉर्मलने त्यात खोट शोधली. त्याला सापडली नाही, आणि खोट सापडत नाही म्हटल्यावर त्याला ते काम चांगलंच वाटायची सवय होती.

बाहेर येऊन त्याने ताईला हळू आवाजात सगळं सांगितलं. नवं बेअरिंग, उद्याच, फुकट. ताईने नीट ऐकून घेतलं. ती धंदेवाली बाई होती. कुठलीही गोष्ट फुकट मिळते तेव्हा ती कुणाची तरी असते, हे तिला माहीत होतं.

"आणि माझं फाटकं?"

"ते त्या गाडीला लावणार."

"म्हणजे ती परत थरथरणार."

"हो."

"म्हणजे त्याची," तिने हनुवटीने बाकावरच्या काचवाल्याकडे खूण केली, "नॉर्मल होणार."

नॉर्मलने रुमालाने पुन्हा कीबोर्ड पुसला. अंड्याचा बलक बटणांच्या फटीत वाळायला लागला होता. "ताई, बेअरिंग एक आहे. तुझी अंडी की त्याच्या काचा, तूच सांग. तू म्हणशील तसं करतो."

ताईने काचवाल्याकडे बघितलं. तो मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता की उद्याची डिलिव्हरी धर, आज गाडीचं नक्की होतंय. तिने परत भावाकडे बघितलं.

"हे मला कशाला विचारतोस रे?" ती म्हणाली. "तुझं हे फार वाईट आहे हं, बाळ्या. माणसाला सामील करून घेतोस."

"मग नको करू?"

तिने ट्रे उचलला. खालून एक थेंब काउंटरवर पडला, तो तिने पदराने टिपला आणि बराच वेळ तिथंच पुसत राहिली.

"किती वाजता आणू?"

"नऊला."

"पावणेनऊला आणते," ताई म्हणाली आणि काचवाल्यासमोरून जाताना मान खाली घालून पर्समध्ये किल्ली शोधत राहिली. किल्ली तिच्या हातातच होती.

नॉर्मल काचवाल्याकडे गेला. आवाज पुन्हा गार झाला होता, टाय जागेवर आला होता. फक्त चालताना बूट करकरत होते.

"माफ करा, तुलनेच्या गाडीचं आज थोडं काम निघालंय."

"आत्ता तर फिरवून आणलीत!"

"तेव्हाच लक्षात आलं. गाडीत बिघाड होता. आपण गिऱ्हाइकाला बिघडलेली गाडी दाखवत नाही."

काचवाला हे ऐकून विरघळला. नऊपासूनचा राग त्याने आवरला आणि चांगला माणूस भेटला अशा नजरेने नॉर्मलकडे बघितलं. "हे बरं सांगितलंत. नाहीतर बाकीचे टोप्या घालतात. मग कधी येऊ?"

नॉर्मलने संगणकात बघून वेळ टाकली. उद्या पावणेनऊला लिफ्ट क्रमांक दोनवर अंड्यांची पिकअप चढेल, लिफ्ट क्रमांक तीनवर तुलनेची. अडीच वाजेपर्यंत दोन्ही उतरतील, तीनला पोरं वाळूच्या गोण्या चढवतील, आणि चार वाजता काचवाल्याची चाचणी आहे.