हौसाने मळवलेली वाट

फोन हौसाच्या लेकाचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला आणि मग नुसती खरखर… मी इकडे लंडनात, तो तिकडे उचगावात. त्या खरखरीतूनच पुढे म्हणाला, "शेवटपत्तूर पावण्यास्नी सांगत हुती, मालीची लंडनची वाट म्याच मळवलीया." माली म्हणजे मी. मला रडता रडता हसू फुटलं. कारण बाई खोटं बोलत नव्हती.

हौसा मामाकडे कोल्हापुरात राहायची तेव्हा चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. पुढे तिची शाळा सुटली आणि ती उचगावहून रोज डोक्यावर दुधाची घागर घेऊन रतीब घालायला येऊ लागली. आमच्याकडचं दूध शेवटी, म्हणजे मग ओट्यावर टेकून तासभर गप्पा.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लंडन ठरलं. नवरा तिथे आधीच नोकरीला लागला होता. विशीतली मी, काय तो तोरा! काट्याचमच्याने भाकरी खायचा सराव करायची. भाकरी दाद द्यायची नाही. रंकाळ्यावर मैत्रिणींना ऐकवायची, मला नाही बाई इथलं काही आठवणार… आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. वडिलांनी माझ्या मापाने खास चपला बांधून घेतल्या होत्या. त्या मी कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेल्या. दिवसातून चारदा चामड्याचा वास घ्यायची, पण पायात घालायची नाही. मळतील ना!

निघायला आठवडा उरला आणि चपला गायब. दोन दिवसांनी गंगावेशीच्या दूधबाजारात हौसा दिसली. डोक्यावर घागर, पायात माझ्या चपला, करकर वाजतायत. दूधवाल्यांच्या त्या घोळक्यात मी शहाणीने सुनावलं, "मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या." तिने घागर सावरली, "मिळतील तुला," म्हणाली आणि लंगडत निघून गेली. ती लंगडत होती हे मला चांगलं दिसलं. मनात म्हटलं, बरं झालं. त्यानंतर रतीब घालायला तिचा भाऊ येऊ लागला आणि मीही आईला ठसक्यात सांगितलं, की असल्या मैत्रिणी मागे राहिलेल्याच बऱ्या.

स्टेशनवर अख्खी आळी आली होती. माझी नजर मात्र फाटकाकडे. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना हौसा गर्दी कापत आली. अनवाणी. पदराखालून तिने चपला काढल्या. तेल पिऊन काळ्याभोर झालेल्या, हाताला लोण्यासारख्या मऊ. तिच्या पायांच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"नवं चामडं चावतंय, माले. परमुलखात पायाला फोड घिऊन कुणाच्या दारात बसशील? उचगाव-कोल्हापूर चालून म्या समदं चावून घेतलंय. आता न्हाय चावायच्या."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आस्तं तर दिल्या आस्त्यास व्हय?"

नसत्या दिल्या. मी तिच्या गळ्यात पडले, तर मला गाडीत ढकलत म्हणाली, "रडायचं ते आत बसून रड की. हितं पावणं बघत्यात."

पुढे दर खेपेला मी गावी गेले, की ती मला उचगावभर मिरवायची. आधी माझ्या चपला दाखवायची, मग मला. तिला माझा अभिमान होता, आणि मला तिचा त्याहून जास्त. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही… शेफारली असती.

चपला अजून दाराशी आहेत. तळ दोनदा शिवून आणला, पट्टा एकदा. शनिवारी तेल लावायचं चुकत नाही. वरच्या चामड्यावर हौसाच्या अंगठ्याचा खळगा आहे, माझ्या अंगठ्याच्या बोटभर पुढे. इतकी वर्षं मी त्यावर पाय घासला, तो काही बुजला नाही. परवा नातीने त्या पायात सरकवल्या, घरभर फिरली आणि म्हणाली, "आजी, या चावत कशा नाहीत गं?"

म्हटलं, "न्हाय चावायच्या."