सात रस्त्यावरचा समुद्र

दातांच्या दवाखान्यात माणसं तोंड उघडायलाच येतात, त्यामुळे किस्से गोळा करायला मला वेगळे कष्ट पडत नाहीत. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनला आहे. तशी किस्स्यांची टंचाई कधीच नव्हती. पण आमच्या डॉक्टर सरांनी वेटिंग रूममध्ये समुद्र आणला आणि मग घरी जाऊन नेमका कुठला सांगायचा हेच कळेनासं झालं.

समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याची माशांची टाकी. छोटीच, मायक्रोवेव्हएवढी. सरांनी पुण्यात एका मित्राकडं बघितली आणि वेडेच झाले. "पेशंटची भीती कमी होते," म्हणाले. मॅडमना, म्हणजे सरांच्या बायकोला, त्याच कोपऱ्यात नवं एक्स-रे मशीन हवं होतं. क्लिनिकचा सगळा कारभार मॅडम बघतात, सर फक्त दात बघतात. घरात काय झालं देव जाणे, पण एका सकाळी मॅडमनी आम्हा सगळ्यांसमोर निकाल दिला, "ठेवा टाकी. पण एक जरी मासा मेला, तर टाकी बाहेर आणि मशीन आत."

सर "चालेल" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

०

"मावशी, या टाकीत खारं पाणी लागतं बरं का," सरांनी झाडलोट करणाऱ्या शालनमावशींना कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन बघतो तर टाकी काठोकाठ भरलेली. मावशींनी बोअरच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या होत्या. आमच्याकडं पाणी दोनच जातींचं. नळाला येतं ते गोडं आणि बोअरचं ते खारं.

"अहो मावशी, खारं म्हणजे समुद्राचं!"

"मग बोअरचं काय गोडं हाय व्हय?" मावशी म्हणाल्या. "डाळ शिजत न्हाई की त्यात."

सरांनी बादली घेतली. आणि टाकी उपसत बसले. मॅडम दारातून म्हणाल्या, "मासे यायच्या आधीच टाकी उपसायची वेळ आली. पुढचं सोपं दिसतंय."

०

मग फिल्टरचं पाणी आलं, समुद्री मिठाची पाकिटं आली, वाळू आली, दगड आले. मासे मात्र नाहीत. कितीतरी आठवडे सर नुसत्या दगडांवर लाइट सोडून बघत बसायचे. पेशंट विचारायचे, "मासे लपलेत का?" सर सांगायचे, "अजून सोडलेच नाहीत. आधी पाण्यात बॅक्टेरिया वाढू द्यायचे. ते माशांची घाण संपवतात. मग मासे."

हे एकदा टेंभुर्णीच्या एका काकांनी ऐकलं. काकांचे उसाचे ट्रक आहेत, आवाजही ट्रकचाच.

"म्हंजे तुमी हितं जंतू पाळताय?"

"चांगले जंतू असतात ते, काका."

काका गालाला हात लावून विचारात पडले. "मागल्या बारीला तुमी म्हनला, दाढंला जंतू लागलेत. ते हितलेच न्हवं?"

ताबडतोब दोन पेशंट उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

०

पाण्यात मीठ बरोबर आहे का ते बघायला सरांनी छोट्या दुर्बिणीसारखं एक मीटर घेतलंय. एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून बघायचं. सर असा एक डोळा मिटून उभे असताना खालच्या मेडिकलचे शब्बीरभाई वर आले. त्यांनी टाकीत बोट बुडवलं आणि चाटलं.

"नमक कम है, डॉक्टरसाब."

"मीटर बरोबर दाखवतंय, शब्बीरभाई."

"मीटर का क्या है साब," शब्बीरभाई बोट रुमालाला पुसत म्हणाले, "मीटर कभी सालन खाया क्या?"

त्या दिवशी संध्याकाळी टाकीला झाकण आलं.

०

शेवटी मासे आले. प्लास्टिकच्या पिशवीतून, ट्रॅव्हल्सनं. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, जोडी. पण असे मासे एकदम नव्या पाण्यात सोडायचे नसतात. टाकीतलं पाणी थेंबथेंब त्यांच्या पाण्यात मिसळायचं. सरांनी शब्बीरभाईंकडून सलाईनची नळी आणली, मासे एका डब्यात घालून खाली ठेवले आणि टाकीतून नळी सोडली. थेंब सुरू झाले. सर शेजारी स्टूल घेऊन बसले, आत पेशंटकडंही जाईनात.

दाढ काढून गेलेल्या एक आजी टाके दाखवायला आल्या होत्या. त्या नळीजवळ वाकल्या.

"मासळीला सलाईन लावलंय?"

"तसंच समजा, आजी."

"मला न्हाई लावलं."

"तुम्हाला गरज नव्हती."

"नसंना का," आजी म्हणाल्या. "इचारायचं तरी."

०

दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून नवं घालावं लागतं. शालनमावशींचं माहेर सांगोल्याकडचं, टँकरच्या रांगेत उभं राहून वाढलेल्या. चांगलं बादलीभर पाणी मोरीत ओतायला त्यांचा हात धजेना. त्यांनी गुपचूप त्यानं फरशी पुसायला सुरुवात केली. वाळली की फरशीवर पांढरे नकाशे आणि पायाखाली करकर.

मॅडमनी फरशीकडं बघितलं, मावशींकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "बोर्ड लाव. बीपीच्या पेशंटनी चपला काढू नयेत."

०

आणि ही मे महिन्यातली दुपार. सोलापूरचा मे म्हणजे सांगायला नकोच. सकाळपासून लाइट नव्हती, सगळं इन्व्हर्टरवर. त्यात मॅडमची दाढ ठणकायला लागली होती म्हणून सरांनी त्यांचं रूट कॅनल सुरू केलं. मॅडम खुर्चीत, गाल बधिर, तोंडात कापूस, दाढ उघडलेली. तेवढ्यात इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला.

मी टाकीकडं पळाले. पाणी तापलं होतं. दोन्ही मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करत होते. मी सरांना हाक मारली. सर हातमोज्यांसकट आले आणि तिथंच थिजले. इन्व्हर्टरमध्ये थोडीच धुगधुगी उरली होती. दाताचं मशीन चालू ठेवलं तर टाकीचा पंप आणि पंखा बंद पडणार. टाकी वाचवायची तर दाताचं मशीन बंद करायचं. तिकडं मॅडमचं तोंड उघडं, इकडं माशांचं.

मासे गेले की टाकी गेली, हे ठरलेलंच होतं. आणि खरं सांगते, त्या दोघांची एवढी सवय झाली होती की मी तिथंच रडले असते. पण बायकोची दाढ तशीच टाकून मासे वाचवा, हे सरांना सांगणार कोण? सर एकदा आत बघायचे, एकदा टाकीत. "दोन मिनिटं हं," म्हणाले. कुणाला ते कळलं नाही.

आतून बटणं बंद केल्याचा आवाज आला. पहिलं खुर्चीचं, मग कॉम्प्रेसरचं, मग दिव्याचं. मॅडम बाहेर आल्या, गळ्यात हिरवा नॅपकिन तसाच. स्टूल ओढलं, टाकीचं झाकण काढलं, माझ्या हातातली फाइल घेतली आणि पाण्यावर वारा घालायला लागल्या.

"अगं, दाढ उघडी आहे तुझी," सर म्हणाले.

मॅडमनी तोंडातला कापूस काढला. अर्धा गाल बधिर, शब्द धड फुटत नव्हते.

"दाढ मेलेलीच आहे, तुम्हीच म्हणालात ना?" त्या म्हणाल्या. "मग माशांचं बघा आधी."